पडद्यावर नुसता खांदा दिसतो, मावशी

प्रिय मावशी,

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन लॉस एंजेलिसजवळ आले त्याला सव्वीस वर्षं झाली, आता वय त्रेपन्न. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घर रिकामं झालं. तेव्हा एका मैत्रिणीच्या नादाने जवळच्या बर्बँकला जाऊन 'बॅकग्राउंड'च्या, म्हणजे पडद्यावर मागे दिसणाऱ्या माणसांच्या, कामासाठी नाव नोंदवलं. त्याला सहा वर्षं झाली. इस्पितळातली नर्स, विमानतळावरची प्रवासी, कोर्टात बसलेली बाई, लग्नातली पाहुणी, असं काय काय होऊन झालं. पहाटे चारला उठावं लागतं, तरी मला हे काम मनापासून आवडतं.

गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी माइकवरून माझी ओळख 'आपली हॉलिवूडची अभिनेत्री' अशी करून दिली. मग सगळे मागेच लागले, दाखवा दाखवा. एक मालिका लावली. मी म्हटलं, थांबा, इथे थांबवा. थांबवली, तर पडद्यावर माझा डावा खांदा आणि अर्धा अंबाडा. लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. त्याच रात्री पुण्याच्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "म्हणजे गर्दीच ना गं?" यजमान म्हणतात, छंद आहे, चालू दे. मुलगी म्हणते, इंटरनेटवर तुझं पान तयार कर, सगळ्या मालिका लिही आणि पुढे 'अनक्रेडिटेड', म्हणजे श्रेयनामावलीत नाव नाही, असं टाक.

माझी तीन युनियन व्हाउचर (युनियनचा करार असलेल्या निर्मितीत काम केल्याच्या पावत्या) जमली आहेत, अभिनेत्यांच्या युनियनचं कार्ड घेता येईल. त्याला तीन हजार डॉलरच्या आसपास खर्च आहे. एवढे पैसे घालावेत इतकं हे काम 'खरं' आहे का? की अभिनयाचे क्लास लावून बोलायची भूमिका मिळवायच्या मागे लागू? हल्ली सेटवर अंगाचं स्कॅनिंग करतात, त्याचीही धास्ती वाटते. आणि कुणी विचारलं, काय करतेस, तर काय सांगू?

— गर्दीतली


प्रिय गर्दीतल्या ताई,

अर्धा अंबाडा वाचून मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. मंडळी कशी हसली, जाऊबाई काय म्हणाल्या, यजमान काय म्हणाले, हे सगळं तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी सेटवर तुम्ही काय केलंत, यावर मात्र एक ओळ नाही. तो खांदा तिथे कशाला होता? कुणाच्या मागून कुठे निघाला होता? एकदाच गेला की चौदा वेळा? मंडळात तुम्ही हे सांगितलं असतंत तर निदान चार माणसं हसायची थांबून ऐकायला लागली असती.

असो. तुमच्या प्रश्नांकडे येते, पण त्याआधी एका बाईंची ओळख करून द्यायची आहे. तुमच्याच गावच्या. म्हणजे नाशिकच्या नव्हेत, आत्ता तुमचं जे गाव आहे तिथल्या.

टाळेबंदीच्या दिवसांत मी घरात बसून जुने कृष्णधवल इंग्रजी चित्रपट ओळीने पाहत होते. पाचवा-सहावा चित्रपट असेल. श्रीमंतांची मेजवानी चालली होती, झुंबरं, शॅम्पेन, सगळा थाट. नायक-नायिका भांडत होते आणि माझी नजर मात्र मागे उभ्या असलेल्या एका उंच बाईंवर गेली. बारीक बांधा, केस नीट बसवलेले, अंगावर सुरेख गाऊन. मनात आलं, ही बाई कालच्या पार्टीत नव्हती का? कालचा चित्रपट पुन्हा लावला. होती! परवाच्यातही होती, तिथे कुणाची तरी सेक्रेटरी म्हणून. मग मला खेळच लागला. कथा राहिली बाजूला, मी आपली प्रत्येक चित्रपटात त्या बाईंना शोधायची.

त्यांचं नाव बेस फ्लॉवर्स. जन्म २३ नोव्हेंबर १८९८, टेक्सासमधल्या शर्मन गावचा. १९२३ मध्ये पडद्यावर आल्या आणि १९६४ पर्यंत काम करत राहिल्या. मूकपटात सुरुवात, मग बोलपट, मग रंगीत चित्रपट, मग टीव्ही. एक्केचाळीस वर्षं. पूर्ण लांबीचे चित्रपट साडेतीनशेहून अधिक, शिवाय विनोदी लघुपट वेगळे. त्यांतल्या बहुतेकांत श्रेयनामावलीत नाव नाही. हॉलिवूडने त्यांना 'एक्स्ट्रांची राणी' म्हटलं. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नामांकन मिळालेल्या तेवीस चित्रपटांत त्या आहेत आणि त्यांपैकी पाचांनी तो पुरस्कार जिंकला. एवढं भाग्य किती नायिकांच्या वाट्याला आलं, ते तुम्हीच मोजा.

'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) मध्ये त्या वर्तमानपत्राच्या संपादकाच्या सेक्रेटरी आहेत. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) मध्ये विमा कंपनीच्या साहेबांच्या सेक्रेटरी. हिचकॉकच्या 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये समोरच्या इमारतीतल्या संगीतकाराच्या घरी पार्टी चालते ना, तिथे कुत्रं घेऊन आलेल्या पाहुण्या त्याच. सगळा चित्रपट एका खिडकीतून दिसतो, त्यामुळे त्या पडद्यावर बोटाएवढ्या आहेत. तुमचा खांदा त्यापेक्षा मोठा दिसला असेल!

त्यांना अभिनय येत नव्हता म्हणून त्या मागे राहिल्या, असं समजू नका. १९२८ च्या 'वी फॉ डाउन' या लॉरेल-हार्डीच्या लघुपटात त्या चक्क लॉरेलच्या बायको आहेत. थ्री स्टुजेस या विनोदी त्रिकुटाबरोबरही त्यांनी चांगल्या ठळक भूमिका केल्या. म्हणजे पुढे येऊन उभं राहणं जमत होतं. तरी पोट भरलं ते मागे उभं राहून, आणि ते उभं राहणं त्यांनी इतकं पक्कं केलं की दिग्दर्शकांना त्यांच्यावाचून मेजवानीचं दृश्य पुरं वाटेना.

आता तुमच्या जाऊबाईंचा 'गर्दीच ना' घेऊ. त्या काळी हॉलिवूडमध्ये गर्दी ही एक वस्तू नव्हती, तिच्यात पायऱ्या होत्या. रस्त्यावरच्या जमावात धावणाऱ्याला कमी मजुरी. ज्याच्याकडे स्वतःचा डिनर सूट आहे किंवा जिच्याकडे स्वतःचे उंची गाऊन आहेत, तिला जास्त. यांना 'ड्रेस एक्स्ट्रा' म्हणत. स्टुडिओने शंभर पाहुण्यांचे शंभर गाऊन शिवायचे म्हणजे केवढा खर्च! त्यापेक्षा कपडे घेऊन येणारी माणसं बोलावली की झालं. फ्लॉवर्सबाईंचं कपाट हेच त्यांचं भांडवल होतं. सुताराची हत्यारं असतात तसे त्यांचे गाऊन. फॅशन बदलली की कपाट बदलायचं, सगळं मापात ठेवायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नायिकेपेक्षा जास्त उठून दिसायचं नाही. हे शेवटचं किती अवघड आहे ते लग्नघरात वावरलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

तुम्हालाही फोन किंवा मेसेज येतो तेव्हा 'गडद रंगाचे तीन जोड आणा, पांढरा नको, लाल नको, कुठलाही छाप नको' असं सांगतात ना? ती त्याच रिवाजाची नात.

तुम्ही बर्बँकला, म्हणजे बहुधा सेंट्रल कास्टिंगमध्ये, नाव नोंदवलंत म्हणता, म्हणून हेही सांगते. १९२५ च्या आधी एक्स्ट्रा लोक पहाटे स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. कुणी आत घेईल म्हणून. मधले दलाल काम द्यायचे आणि मजुरीतून आपला वाटा कापून घ्यायचे. त्यावरून फार ओरड झाली, तेव्हा १९२५ च्या डिसेंबरात स्टुडिओंनी मिळून सेंट्रल कास्टिंग ही संस्था काढली. खर्च स्टुडिओंचा, एक्स्ट्राला फी नाही. मग रोज संध्याकाळी हजारो माणसं एकाच ठिकाणी फोन करायची, नाव सांगायची, आणि पलीकडून बहुतेक वेळा 'काम नाही' किंवा 'नंतर फोन करा' एवढंच यायचं. एवढ्या माणसांतून ज्यांना सतत बोलावणं यायचं ती थोडी. फ्लॉवर्सबाई त्या थोड्यांत होत्या.

वशिला होता का, असं मनात आलं असेल. माझ्या आलं होतं. त्यांचे पहिले यजमान कलन टेट हे सेसिल बी. डिमिल या बड्या दिग्दर्शकाचे सहायक दिग्दर्शक. ओळखीचा उपयोग झालाच नसेल असं मी म्हणणार नाही. पण १९२८ मध्ये घटस्फोट झाला आणि त्यानंतर बाईंनी छत्तीस वर्षं काम केलं. वशिल्याने पहिला दिवस मिळत असेल, इतके दिवस नाहीत.

बरं, नाव का नाही? यात अन्यायाची मोठी कथा शोधू नका. त्या काळी नामावली चित्रपटाच्या सुरुवातीला यायची, दोन-चार पाट्यांची. प्रमुख नटांची नावंसुद्धा जेमतेम मावायची. आज शेवटी दहा मिनिटं अक्षरं सरकत राहतात, जेवण पुरवणाऱ्याचं आणि गाडी चालवणाऱ्याचंही नाव असतं. तरी बॅकग्राउंडचं नसतं, कारण करारात तसा हक्कच नाही. मला हे बरोबर वाटत नाही. पण नाव नाही म्हणजे काम झालं नाही, हा जो अर्थ आपण लावतो तो आपला. पगारपत्रकावर नाव होतं.

आणि पगारपत्रकाबद्दल या बाई गप्प बसल्या नाहीत, हे मला त्यांच्या गाऊनपेक्षाही आवडतं. अभिनेत्यांची युनियन १९३३ ची. तिच्यात एक्स्ट्रांना जागा होती, पण दुय्यम. लग्नात पाहुण्यांची पंगत आधी आणि घरच्यांची शेवटी, तशातला प्रकार. शेवटी १९४५-४६ च्या सुमारास एक्स्ट्रांनी आपली वेगळी 'स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड' उभी केली. ती उभी करणाऱ्यांत फ्लॉवर्सबाई होत्या, तिच्या सुरुवातीच्या उपाध्यक्षांपैकी एक होत्या आणि बैठकांची टिपणं ठेवणाऱ्या चिटणीसही. पडद्यावर शब्द नसलेली बाई युनियनच्या दप्तरात बसून सगळ्यांचे शब्द लिहून घेत होती. ती गिल्ड १९९२ पर्यंत चालली आणि मग तिचं काम अभिनेत्यांच्या मुख्य युनियनकडे आलं. तुमच्या हातात जी तीन व्हाउचर आहेत, त्यांची वंशावळ ही अशी.

आता कारागिरीचं. हे तुम्हाला माहीत आहे, पण मंडळाला माहीत नाही, म्हणून जाऊबाईंना हा भाग वाचून दाखवा. पार्टीच्या दृश्यात मागचे वीस जण बोलताना दिसतात. ते बोलत नसतात. ओठ हलतात, हात हलतात, हसू येतं, आवाज नाही, कारण माइकला फक्त नायकाचा आवाज हवा असतो. नाच असेल तर संगीत दोन-चार ठोके वाजून बंद होतं आणि सगळ्यांनी निःशब्द खोलीत त्याच लयीत नाचत राहायचं. बुटांच्या तळाला नमदा चिकटवतात, पावलांचा आवाज नको म्हणून. मग 'बॅकग्राउंड!' अशी हाक येते, त्यानंतर 'अॅक्शन'. आधी मागचं जग चालू होतं आणि मग नायक त्यात येतो.

समजा तुम्हाला सांगितलं, नायिका 'नाही' म्हणाली की टेबलामागून निघा आणि दाराकडे जा. पहिल्यांदा तिच्यावर कॅमेरा. मग त्याच्यावर. मग दोघांवर लांबून. प्रत्येक वेळी तिच्या त्याच शब्दावर, त्याच पावलाने, पर्स त्याच खांद्याला. एकदा तुम्ही दोन पावलं लवकर निघालात की संकलकाला ते तुकडे जोडता येत नाहीत. नायिकेचं रडणं उत्तम झालेलं असतं, पण मागे एक बाई अचानक उडी मारून दारात पोचलेली दिसते. तो अख्खा टेक जातो. म्हणजे तुमच्या त्या डाव्या खांद्यावर बरंच काही लटकलेलं होतं.

माझे एक काका कोल्हापूरला स्टुडिओत असे जायचे. ऐतिहासिक चित्रपट असला की सकाळी मावळा, आणि जेवणानंतर दाढी चिकटवून मोगल. स्वतःलाच खिंडीत गाठून स्वतःच पळून जायचे. घरी त्यांची खूप टर उडायची. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. म्हणायचे, घोडा उधळला तेव्हा हिरो पडला, मी नाही पडलो. याउप्पर त्यांचं म्हणणं काही नसे.

क्लास लावून पुढे सरकावं का, या तुमच्या प्रश्नाआधी आणखी एक माणूस दाखवते. फ्रँकलिन फार्नम. मूकपटांच्या जमान्यात वेस्टर्न चित्रपटांचे नायक, घोड्यावर बसून पोस्टरवर झळकलेले. बोलपट आले, वय झालं, आणि हे गृहस्थ एक्स्ट्रा झाले. रुसून घरी बसले नाहीत. शेकडो चित्रपटांत मागे उभे राहिले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळालेल्या सात चित्रपटांत ते आहेत. फ्लॉवर्सबाईंपेक्षा दोन जास्त! १९५० च्या 'ऑल अबाउट ईव्ह' मध्ये तर दोघंही आहेत. नाव मिळवण्यासाठी काहीही करायला तयार असलेल्या एका मुलीची ती गोष्ट. तिला पुरस्कार मिळतो, लोक भोवती जमतात, आणि एक उंच बाई पुढे होऊन तिचं अभिनंदन करते. त्या बेस फ्लॉवर्स. अख्ख्या चित्रपटात त्यांच्या वाट्याला तेवढंच एक वाक्य. मी ते दृश्य कितीदा मागे नेऊन पाहिलं असेल, सांगता येणार नाही. बाईंच्या चेहऱ्यावर हेवा शोधत होते. सापडला नाही. अर्थात हेवा दिसला असता तर ते काम चुकीचं झालं असतं!

म्हणून सांगते, ताई. बॅकग्राउंड आणि बोलती भूमिका या एका जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीत. एकीवर बरीच वर्षं उभं राहिलं म्हणून दुसरी आपोआप येत नाही. क्वचित दिग्दर्शक सेटवरच एखादी ओळ देतो, त्या दिवशी दर्जा बदलतो आणि पैसेही कैकपट मिळतात. पण त्यावर संसार मांडू नका. बोलायची ओढ आतून असेल तर क्लास जरूर लावा. तुमच्या वयाच्या भारतीय बाईला आता तिकडे डॉक्टर, शेजारीण, न्यायाधीश अशा छोट्या भूमिका मिळू शकतात. १९३९ साली 'गंगा दिन' या चित्रपटात गंगा दिन हा हिंदुस्थानी पाणक्या झाला होता सॅम जॅफी नावाचा न्यूयॉर्कचा गोरा नट, काळं फासून, आणि हिंदुस्थान म्हणून दाखवला होता कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचा डोंगर. तिथून इथपर्यंत आलो आहोत, हेही नसे थोडके. पण जाऊबाईंना उत्तर द्यायचं म्हणून क्लास लावणार असाल तर लावू नका. ते उत्तर फार महाग पडेल. आणि 'आगाऊ पैसे भरा, काम मिळवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर पर्स मिटा. कॅलिफोर्नियात अशी आगाऊ फी घ्यायला कायद्याने मनाई आहे.

कार्डाचा हिशेब भावनेने करू नका, वहीने करा. गेल्या वर्षी किती दिवस काम झालं? त्यातले युनियनच्या निर्मितीतले किती आणि बाहेरचे किती? युनियनचा दिवसाचा दर आता २०० डॉलरच्या वर गेला आहे. अभिनेत्यांचा २०२३ चा ११८ दिवसांचा संप मिटला तेव्हा बॅकग्राउंडला पहिल्याच झटक्यात ११ टक्के वाढ मिळाली होती. बिनकार्डाच्या माणसाला किमान वेतनाच्या आसपास मिळतं. दिवसामागे सत्तर-ऐंशी डॉलरचा फरक धरला तर चाळीसेक दिवसांत प्रवेशशुल्क वसूल, वार्षिक वर्गणी वेगळी. धूर असलेलं दृश्य, स्वतःची गाडी आणली, जादा कपडे आणले, अशा गोष्टींचे वरचे पैसेही युनियनमध्ये हक्काने मिळतात. पण एकदा कार्ड घेतलं की बिगर-युनियन काम बंद. प्रत्येक निर्मितीत ठरावीक संख्येपर्यंतच्या जागा कार्डवाल्यांना आणि त्यावरच्या इतरांना, त्यामुळे कार्ड नसताना बोलावणी जास्त येतात असा पुष्कळांचा अनुभव असतो. त्यातून तिकडचं चित्रीकरणही अलीकडे बाहेरगावी पांगलं आहे. तुमच्या वहीत युनियनचे दिवस वर्षाला तीसच्या आत असतील तर मी आणखी वर्षभर थांबेन. पन्नासच्या वर असतील तर आजच अर्ज करा. यजमानांना विचारू नका, सांगा. आणि छंद म्हणाले तर एवढंच म्हणा, ज्याच्यावर सरकार कर कापतं त्याला छंद म्हणत नाहीत.

स्कॅनिंगची धास्ती रास्त आहे. एकदा अंगाचा संगणकी साचा घेतला की तुम्हाला न बोलावता तुमची गर्दी उभी करता येते, म्हणून तर २०२३ च्या संपात हा मुद्दा एवढा पेटला. नव्या कराराप्रमाणे साचा घ्यायला तुमची संमती लागते, त्यात गेलेला वेळ कामाचा धरला जातो आणि युनियनच्या ठरलेल्या जागा त्या साच्यांनी भरता येत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. साच्याचा उपयोग नेमका कशाला ते न लिहिता घेतलेली सही, बाजूला वकील किंवा युनियन नसेल तर, ग्राह्य धरायची नाही असा. पण पहाटे साडेपाचला रांगेत, हातात कॉफी, समोर घाईत असलेला पोरगा आणि 'इथे सही करा'. त्या वेळी कायदा आठवत नाही. म्हणून आत्ताच ठरवून ठेवा की वाचल्याशिवाय सही नाही. मागचे लोक कुरकुरले तर कुरकुरू देत.

मुलीचं मात्र ऐका. पान करा, पण तिच्यासाठी आणि स्वतःसाठी. भूमिका मागायला जाल तेव्हा द्यायच्या कागदावर बॅकग्राउंडची कामं लिहायची नसतात, तिकडे ते कच्चेपणाचं लक्षण मानतात. पण नोंद हवी. फ्लॉवर्सबाईंची एवढी लांब यादी आज आहे, कारण माझ्यासारख्या रिकामटेकड्या लोकांनी चित्रपट थांबवून थांबवून त्यांना शोधलं आणि लिहून ठेवलं. तुम्ही अजून धडधाकट आहात, स्वतःच लिहा. तारीख, ठिकाण, काय घातलं होतं, कुठून कुठे चालले, कोणत्या शब्दावर.

राहिलं लोकांना काय सांगायचं ते. 'अभिनेत्री' म्हणू नका, कारण मग पुढचा प्रश्न 'कुठल्या सिनेमात?' हाच येणार आणि तुम्ही पुन्हा खांद्यापाशी अडकणार. 'काही नाही हो, अशीच गर्दीत' असंही नको. सरळ सांगा, मी बॅकग्राउंडचं काम करते. समोरच्याला कळलं नाही तर तो विचारेल. विचारलं की त्याला उभं करा, हातात पेला द्या, आणि म्हणा, आता आवाज न करता माझ्याशी गप्पा मारा, हसा, आणि मी 'नाही' म्हटलं की दाराकडे निघा. तीन वेळा, अगदी तस्सं. पुढच्या गणपतीत हा खेळ मंडळात ठेवा. आरतीनंतर, प्रसादाआधी. जाऊबाई तिकडे आल्या असतील तर पहिला नंबर त्यांचा.

बेस फ्लॉवर्स २८ जुलै १९८४ ला वारल्या, पंचाऐंशीव्या वर्षी, वुडलंड हिल्समधल्या चित्रपट व्यवसायातल्या लोकांसाठी असलेल्या निवासात. तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही ते.

आणि हो, त्या मालिकेचं नाव आणि कितव्या मिनिटाला थांबवायचं ते कळवायला विसरलात. कळवा. मला तो अंबाडा पाहायचा आहे.

तुमची,
मावशी